५/७ आणि ७/९ सारखेच आहेत म्हणते पोरगी, कसं पटवून देऊ?

हळदीकुंकू (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार मंडळी. मुलगी पाचवीत आहे, स्कॉलरशिपला बसवलीय. बाकीचं गणित बरं आहे तिचं पण अपूर्णांकाचा लहान-मोठेपणा आला की गाडी रुततेच. आधी १/८ हा १/६ पेक्षा मोठा म्हणायची, आठ मोठा म्हणून, ते पोळी कापून दाखवल्यावर एकदाचं सुटलं. आता नवीनच काढलंय. ५/७ आणि ७/९ यात मोठा कुठला विचारलं तर म्हणते दोन्ही सारखेच, कारण पाचाला सात व्हायला दोन कमी पडतात आणि साताला नऊ व्हायला पण दोनच कमी पडतात. मी म्हटलं असं नसतं गं, तर म्हणते मग कसं असतं ते सांग!

४/९ आणि ६/११ ला पण तेच, दोन्हीकडं पाच कमी म्हणजे सारखे. आणि ३/५ आणि ५/८ दिलं तर छातीठोकपणे ३/५ मोठा, कारण तिथं दोनच कमी आणि इकडं तीन कमी.

क्लासमध्ये तिरका गुणाकार शिकवलाय. तो करते, ४५ आणि ४९ बरोबर काढते, ४९ मोठा हे पण कळतंय, पण तो ४९ कुणाचा यात घोळ घालते, एकदा इकडं लावते एकदा तिकडं. क्लासला विचारलं तर म्हणाले सराव होईल तसं जमेल, परीक्षेला तेवढंच लागतं. ठीक आहे, पण गुणाकाराच्या आधी नुसतं बघून हा मोठा दिसतोय असं काही तिच्या डोक्यात यायला नको का? तसं काही शिकवता येतं का घरी? पोळी परत कापायला सांगू नका प्लीज, सात आणि नऊ सारखे भाग माझ्याच्यानं होत नाहीत.

क्लासवाले सर (मिरज)

ताई कशाला डोक्याला ताप करून घेताय, तिरका गुणाकारच बेस्ट आहे. घोळ होतोय तो बाणाचा. बाण कायम खालून वर न्यायचा आणि उत्तर बाण जिथं पोचतो त्या अंशाच्या डोक्यावर लिहायचं. ७/९ च्या ९ पासून निघा, तिरकं वर ५ पाशी जा, नऊ पाचे पंचेचाळीस, ते ५ च्या डोक्यावर. मग ५/७ च्या खालच्या ७ पासून निघून पलीकडच्या वरच्या ७ पाशी, सात सत्ते एकोणपन्नास, ते त्याच्या डोक्यावर. ज्याच्या डोक्यावर मोठा आकडा तो मोठा. संपला विषय.

पेपर १ ला भाषा आणि गणित मिळून ७५ प्रश्न आणि वेळ दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट पण नाही येत वाट्याला. तिथं बघून अंदाज वगैरे करत बसलं की मागचे बुद्धीला ताण देणारे प्रश्न राहतात. मार्क उत्तराला आहेत, विचार केल्याला नाहीत.

निवृत्त मास्तर (तासगाव)

सर, तुमचा बाण बरोबर आहे, त्यावर नंतर येऊ. पण ताई, तुमच्या पोरीचा विचार ऐकून मला तर बरं वाटलं. ती आकड्याकडं नुसतं बघत नाही, पूर्ण व्हायला किती कमी हे बघतेय, आणि हा रस्ता चुकीचा नाही, अर्ध्यात सोडलेला आहे. दोन कमी हे खरं. पण दोन काय कमी? इथं दोन सप्तमांश कमी आहेत आणि तिथं दोन नवमांश. १/६ आणि १/८ चं तिला कळलंय म्हणता, मग सातवा भाग मोठा की नववा हे ती झोपेत सांगेल. सातवा मोठा. म्हणजे ५/७ मध्ये दोन मोठे तुकडे कमी आहेत आणि ७/९ मध्ये दोन बारके तुकडे कमी आहेत. ज्याचं कमी गेलंय तो जास्त उरलाय, म्हणून ७/९ मोठा. तिचंच वाक्य तिला पुरं करायला लावा, "दोन कमी" म्हणाली की लगेच विचारायचं, दोन काय? बस. चार दिवस हेच एक विचारा, दुसरं काही शिकवू नका.

४/९ आणि ६/११ पण तसंच सुटेल, पाच नवमांश कमी आणि पाच एकादशांश कमी. पण तिथं त्याहून सोपं आहे. नऊचं निम्मं किती, साडेचार. चार त्याच्या आत. अकराचं निम्मं साडेपाच, सहा त्याच्या बाहेर. एक अर्ध्याच्या अलीकडं, एक पलीकडं. निकाल लागला, ना गुणाकार ना काही.

माझी बरीच नोकरी जतकडं झाली, दुष्काळी पट्टा. तिथं शेतकऱ्याला पैसेवारी कळते, म्हणजे नेहमी येणाऱ्या पिकाच्या मानानं यंदा रुपयाला किती पैसे पीक आलं तो आकडा. ५० च्या आत आली की सवलतीला गाव पात्र, बाहेर गेली की नाही, अशी वर्षानुवर्षं रीत होती. चावडीवर माणूस ४७ आली का ४३ आली हे नंतर विचारायचा, आधी विचारायचा "पन्नासच्या आत का बाहेर?" अपूर्णांक समोर आला की पोरांनी पहिला प्रश्न हाच विचारायला पाहिजे. आमच्या वेळी वर्गात मी तोच शब्द वापरायचो, आत का बाहेर, पोरं ओरडून सांगायची.

आता राहिला ३/५ आणि ५/८. हा जरा चिवट आहे कारण दोन्ही अर्ध्याच्या बाहेर आणि कमी पडणारे तुकडे पण वेगवेगळे, दोन आणि तीन. इथं अर्ध्याच्या किती बाहेर ते बघा. पाचाचं निम्मं अडीच, तीन म्हणजे अर्धा पंचमांश जास्त, म्हणजे १/१० जास्त. आठाचं निम्मं चार, पाच म्हणजे १/८ जास्त. आठवा भाग दहाव्यापेक्षा मोठा म्हणून ५/८ मोठा. तिला हे लगेच झेपलं नाही तर सोडून द्या, आधी आत-बाहेर पक्कं होऊ दे.

आणि पोळी बंदच करा. गोल काढून त्याचे सात भाग कुणाला सारखे येतात? पोरं चित्र काढतात, चित्र वाकडं येतं आणि वाकड्या चित्रावरून वाकडं उत्तर काढतात. गणिताची चौकटींची वही घ्या, २४ चौकटींची आडवी पट्टी आखा. तिच्याखाली तेवढ्याच लांबीची दुसरी, तिच्याखाली तिसरी. २४ ला २, ३, ४, ६, ८, १२ सगळ्यांनी भाग जातो. २/३ म्हणजे १६ चौकटी, ५/८ म्हणजे १५, ७/१२ म्हणजे १४, ३/४ म्हणजे १८. रंगवत सुटली की डोळ्याला दिसतं कोण कुठवर गेलाय ते. पट्ट्या एकाखाली एक, डावी कड सरळ एका रेषेत, एवढं मात्र पाळायचं.

सूतपाना (कुपवाड एमआयडीसी)

मास्तर नमस्कार. मी काय गणितवाला नाही, दहावीनंतर आयटीआय, आता मेंटेनन्सला आहे. पण ह्या विषयावर बोलायचा हक्क आमचा पण आहे की ओ. कंपनीत दोन-तीन जुन्या मशिनी आहेत त्यांचे सगळे नट इंची. पान्याचा सेट उघडला की समोर ३/८, ७/१६, १/२, ९/१६, ५/८, ११/१६, ३/४ असं कोरलेलं असतंय. नवीन पोरगं मशिनखाली झोपलेल्याला पाना देतंय, खालून सांगितलं "अर्ध्याचा बसत नाही, एक नंबर वरचा दे" की ह्याचा हात कुठं जाणार? ते पोरगं ५/८ उचलतंय, कारण त्याला ९/१६ कुठं बसतंय तेच माहीत नाही. त्याला वाटतंय सोळावा भाग म्हणजे लई बारीक असणार. मग मोठा पाना लावून जोर मारला की नटाचे कोपरे गोल. झालेले कोपरे परत येत नसतात, मग छिन्नी हातोडा घेऊन बसा दुपारभर.

मी त्यांना एकच सांगतो, सगळ्यांचे सोळावे करा. ३/८ म्हणजे ६, मग ७, अर्धा म्हणजे ८, मग ९, ५/८ म्हणजे १०, मग ११, ३/४ म्हणजे १२. सहा सात आठ नऊ दहा अकरा बारा, सरळ पाढ्यासारखं लागलं. आता सांगा आठाच्या वरचा कुठला. मार्करनं पान्यांच्या दांड्यावर ६, ७, ८ लिहूनच ठेवलंय मी, साहेब हसतात पण आता चुकीचा पाना हातात येत नाही.

सुतार आणि गवंडी तर अपूर्णांक म्हणतच नाहीत. इंचाचे आठ सूत. तीन सुती सळई, चार सुती सळई, पाच सुती. दुकानात ती दहा, बारा, सोळा एमएम म्हणून मिळते, पण साईटवर अजून सूतच चालतंय. ज्याला शाळेत ३/८ आणि १/२ मध्ये मोठा कुठला सांगता येत नव्हता तोच तीन सूत आणि चार सूत यात एक सेकंद थांबत नाही. कारण तुकडा एकच झाला ना, मग फक्त मोजायचं राहतंय. ताई, पोरीला घरातली मोजपट्टी द्या इंचवाली, दुकानातल्या टेपवर पण असतंय, रेघा मोजू दे की. लांब रेघ अर्ध्याची, त्याहून आखूड पावाची, त्याहून आखूड सुताची, सगळ्यात बारकी अर्ध्या सुताची.

अर्धवट इंजिनिअर (सांगली)

दादांचा सोळाव्याचा मुद्दा म्हणजेच क्लासवाल्या सरांचा तिरका गुणाकार आहे, फरक एवढाच की सरांनी छेद लपवलाय. ५/७ आणि ७/९ चे सारखे तुकडे करायचे तर ६३ तुकडे. ५/७ ला वर खाली ९ नं गुणलं, ४५/६३. ७/९ ला वर खाली ७ नं गुणलं, ४९/६३. आता तुकडा एकच, मग ४५ आणि ४९ बघा. तिरक्या गुणाकारात आपण फक्त ४५ आणि ४९ लिहितो आणि ६३ गिळून टाकतो. म्हणून पोरांना कळत नाही ४९ कुणाचे. काकू, तिला थोडे दिवस ६३ खाली लिहायलाच लावा. ४५/६३ एवढं पूर्ण लिहिलं की ते ५/७ चंच रूप आहे हे दिसतं, घोळ व्हायला जागाच नाही. मग हात बसला की छेद सोडून दिला तरी चालेल.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. तुमच्या तिन्ही जोड्या बघा, ५/७ वरून ७/९, ४/९ वरून ६/११, ३/५ वरून ५/८. तिन्हीत दुसरा अपूर्णांक पहिल्याच्या वर खाली काहीतरी वाढवून झालाय. हे मार्क म्हणून वाचायचं. तिला विचारा, तू सात गणितं सोडवलीस त्यातली पाच बरोबर आली. मग अजून दोन सोडवलीस आणि दोन्ही बरोबर. आता नऊपैकी सात. तुझा निकाल सुधारला, बिघडला का तेवढाच राहिला? कुठलंही पोरगं सांगेल सुधारला, दोन्हीच्या दोन्ही बरोबर आली ना! ५/७ आणि ७/९ सारखेच म्हणणं म्हणजे ती दोन बरोबर आलेली गणितं फुकट गेली म्हणण्यासारखं आहे, आणि हे पाचवीतली मुलगी कधीच ऐकून घेणार नाही. ४/९ आणि ६/११ ला पण हेच, दोन जास्तीची, दोन्ही बरोबर.

३/५ आणि ५/८ ला मजा आहे. पाचपैकी तीन बरोबर. मग अजून तीन गणितं दिली, त्यातली दोन बरोबर. एकूण आठपैकी पाच. आता नवीन भर २/३ ची आहे, आणि २/३ हा ३/५ पेक्षा चांगला निकाल आहे, तीनात एक चुकलं म्हणजे पंधरातली पाच चुकली, आणि पाचात दोन चुकली म्हणजे पंधरातली सहा. मग चांगली भर पडली की एकूण निकाल वर सरकणार, म्हणून ५/८ मोठा. भर वाईट पडली असती तर खाली आला असता. ३/५ मध्ये १/३ ची भर घातली तर ४/८ होतो, म्हणजे अर्धाच, खाली आला. नवा आकडा कायम जुना आणि भर यांच्या मध्येच कुठंतरी पडतो, त्याच्या बाहेर जात नाही.

क्लासवाले सर (मिरज)

छान आहे वाचायला. आता माझं एक उदाहरण घ्या, ७/११ आणि ९/१४. आत का बाहेर? दोन्ही बाहेर. कमी किती? ४/११ आणि ५/१४. करा अंदाज. मी तिरकं गुणतो, सात चौदे अठ्ठ्याण्णव, नऊ अकरे नव्व्याण्णव, ९/१४ मोठा, दहा सेकंद. अठ्ठ्याण्णव आणि नव्व्याण्णव ओ, एवढा बारीक फरक कुणाच्या डोळ्याला दिसणार आहे? परीक्षेत मुद्दाम असलेच घालतात.

अर्धवट इंजिनिअर (सांगली)

सर, ७/११ वरून ९/१४ म्हणजे भर २/३ ची. ७/११ हा २/३ पेक्षा कमी आहे कारण अकराचे दोन तृतीयांश सातच्या वर जातात, तेहतिसाचे बावीस, तसं बघितलं तर सात पूर्णांक एक तृतीयांश. भर चांगली, ९/१४ मोठा. झालं ना 🙂 पण मान्य, इथं मी पण परीक्षेत गुणलंच असतं. जोडी एवढी जवळ असली की गुणाकार करावाच. माझं म्हणणं एवढंच की गुणाकार कधी करायचा हे कळायला आधी बघता यायला पाहिजे. १/९ आणि ७/८ आले तरी आमच्या वर्गातली पोरं तिरके बाण काढायची, त्याचं वाईट वाटतं.

निवृत्त मास्तर (तासगाव)

पोरी, मार्कांचं उदाहरण झकास आहे, आमच्या काळात सुचलं असतं तर वापरलं असतं. पण ताईंना एक सावधानतेचा इशारा देऊन ठेवतो. ही बेरीज नव्हे. ५/७ मध्ये दोनपैकी दोनची भर घातली की ७/९ होतो हे दोन परीक्षा एकत्र केल्यावर, पण ५/७ अधिक २/२ म्हणजे ७/९ असं पोरीनं वहीत लिहिलं तर झालीच पंचाईत. २/२ म्हणजे तर पूर्ण एक, ५/७ मध्ये एक मिळवला तर उत्तर एकाच्या वर जायला पाहिजे. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणं ही पोरांची आवडती चूक आहे, तिला आपणच खतपाणी नको घालायला. म्हणून ते बोलताना "एकूण निकाल" म्हणा, "मिळवले" म्हणू नका, आणि वहीत अधिकचं चिन्ह अजिबात नको.

आकाराचा अंदाज नसला की काय होतं बघा. अमेरिकेत १९७८ च्या सुमारास देशभर एक चाचणी झाली, त्यात तेरा वर्षांच्या पोरांना विचारलं की १२/१३ अधिक ७/८ याचं उत्तर साधारण कशाजवळ येईल, १, २, १९ का २१. गुणाकार भागाकार काही नको, नुसतं सांगायचं. दोन्ही अपूर्णांक एकाला टेकलेत, म्हणजे २. बरोबर उत्तर शंभरात चोवीस पोरांनीच दिलं. बाकीच्यांत बऱ्याच जणांनी १९ आणि २१ धरले, म्हणजे बारा नि सात एकोणीस, तेरा नि आठ एकवीस. अंशाच्या बेरजेत अडकले नाहीतर छेदाच्या. तिकडं काय नि इकडं काय, पोरं सगळीकडं सारखीच.

हरिपूरकर

मध्येच घुसतो. एक गोष्ट कुणी बोललंच नाही, कशाचा अपूर्णांक? आम्ही संगमावर राहणारी माणसं, पावसाळ्यात सकाळी चहाच्या आधी धरणाचे आकडे बघतो. कोयना पूर्ण भरली की १०५.२५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट पाणी), वारणा म्हणजे चांदोली ३४.४० टीएमसी. आता समजा कोयनेत ७९ आहे आणि वारणेत २८. गल्लीत दरवर्षी हाच वाद, कोण जास्त भरलंय? एक जण म्हणतो कोयना, ७९ कुठं आणि २८ कुठं. दुसरा म्हणतो वारणा. दोघं पण बरोबर आणि दोघं पण भांडतायत. १०५ चा पाऊण काढला की एकोणऐंशीच्या जवळ, म्हणजे कोयना पाऊण भरलीय. वारणेचे पाच भाग केले तर एक भाग सातच्या थोडा आत, चार भाग साडेसत्तावीस, म्हणजे २८ हा चार पंचमांशाच्या पण वर. मोठा अपूर्णांक वारणेचा. पाणी मात्र कोयनेत जवळजवळ तिप्पट. सोडायची वेळ वारणेवर आधी येणार का याची काळजी करायची असेल तर अपूर्णांक बघा, नुसतं पाणी किती म्हणत असाल तर आकडा बघा.

पेपरवाले शेवटी टक्के देतात, ७५ टक्के, ८१ टक्के. ते तरी काय, सगळ्यांचा छेद शंभर करून टाकला, पानेवाल्या दादांनी सोळा केला तसा. ताई, पोरीला पावसाळ्यात पेपरातलं ते कोष्टक वाचायला द्या, रोज नवीन गणित मिळतंय फुकटात.

हळदीकुंकू (विश्रामबाग, सांगली)

बापरे, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. गणितं बरोबर आल्याचं उदाहरण लागू पडलं. नऊपैकी सात म्हटल्यावर आधी म्हणाली "दोनच तर चुकली, आधी पण दोनच चुकली होती", आणि मग स्वतःच थांबली आणि म्हणाली पण मी जास्त गणितं केली ना. तिथून पुढं मला काही बोलावंच लागलं नाही. "दोन काय?" पण चालू केलंय मास्तर, आता चिडते, पण उत्तर देते.

२४ ची पट्टी आखली, त्यात सातवे आणि नववे बसत नाहीत म्हणून रुसून बसली, ६३ चौकटींची पट्टी मागतेय, वहीचं पान पुरत नाही. त्याला काय करू? आणि एक सराव पेपरातलं गणित देते, चढत्या क्रमानं लावायचे, ७/८, ५/१२, ८/९, २/९, ४/७. ह्याला तिनं लसावि काढायला घेतला आणि पान भरलं.

निवृत्त मास्तर (तासगाव)

६३ ची पट्टी नको. सातव्या-नवव्याला चौकटी लागतच नाहीत, तिथं तिचं "दोन काय" चालतं. पट्टी ज्याला बसते त्यालाच वापरायची. फारच हट्ट धरला तर दोन पानं चिकटवून आखू दे एकदा, हौस फिटेल.

चढत्या क्रमाचं गणित आधी तीन टोपल्यांत टाकायला सांगा, शून्याच्या जवळ, अर्ध्याच्या जवळ, एकाच्या जवळ. २/९ तर पावाच्या पण आत, तो सगळ्यात आधी. ५/१२, निम्मं सहा, आत. ४/७, निम्मं साडेतीन, थोडासा बाहेर. राहिले ७/८ आणि ८/९, दोघं एकाला टेकलेले. एकाला आठवा भाग कमी, दुसऱ्याला नववा. नववा लहान म्हणून ८/९ सगळ्यात मोठा. २/९, ५/१२, ४/७, ७/८, ८/९. पाच अपूर्णांकात विचार करायला लागला तो फक्त शेवटच्या दोघांचा. लसावि काढला असता तर ५०४ आला असता, आणि पाचही अंश त्याच्यात बदलत बसायचे, त्यात कुठंतरी पोरगं चुकणारच.

क्लासवाले सर (मिरज)

५०४ ला मी पण नाही जाणार मास्तर, एवढा काही मी हा नाही 😄 पण ताई, पर्याय दिलेले असतात हे विसरू नका. चार पर्यायात २/९ नं सुरू होणारे बहुतेक दोनच असतील, आणि त्या दोघांत फरक ७/८ आणि ८/९ च्या क्रमाचाच असेल. तेवढी एक जोडी बघायची, आणि तिथं शंका आली तर तिरका गुणाकार, त्रेसष्ट आणि चौसष्ट, पाच सेकंद. बाण खालून वर.

सूतपाना (कुपवाड एमआयडीसी)

सर, तुमच्या क्लासला इंची पान्याचा एक सेट देऊ का, जुना पडलाय आमच्याकडं? फक्त ७/१६ चा हरवलाय.